आत्याचा खुबा आणि गळ्यातली ग्रंथी

आत्या न्हाणीघराच्या उंबऱ्याशी अडखळली आणि खुब्याचं हाड मोडलं. 'वय झालं की व्हायचंच,' म्हणे. अहो, ६२ हे काय वय आहे? सळई घालून घरी पाठवलं, हाड इतकं ठिसूळ का झालं ते कुणी विचारलंच नाही.

तिला आधी मुतखडे होऊन गेलेले, पोट कायम जड, सारखी गळून गेलेली. फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीने सहज फाइल चाळली आणि एका आकड्यावर बोट ठेवलं: रक्तातलं कॅल्शियम ११.६. साधारण साडेदहाच्या आत हवं.

मग पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक तपासलं, तेही चढलेलं. थायरॉइडच्या मागे बहुधा चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्यातली एक बिघडली की हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात सोडत राहते. आणि शेजारपाजारचा सल्ला काय, तर नाचणी खा, कॅल्शियमच्या गोळ्या घ्या!

ती बिघडलेली ग्रंथी काढली. दुसऱ्या दिवशी आत्याच्या ओठांना मुंग्या आल्या, कारण भुकेली हाडं आता कॅल्शियम परत ओढून घेत होती. त्यामुळे सध्या डॉक्टरांनीच गोळ्या दिल्यात. नाचणीवाल्या काकू भलत्याच खूश आहेत.