मुंढ्याचा पाव इंच

परभणी, श्रावणातला रविवार

महालक्ष्म्यांच्या सणाला नेसायच्या साडीवर खणाचा ब्लाउज घरीच शिवायचा असे ठरल्यापासून मी मोकळ्या वेळाची सरळ वाटणी केली आहे. कार्यालयातून आल्यावर स्वयंपाकाला लागण्यापूर्वी जो अर्धा-पाऊण तास मिळतो, त्यात अस्तर भिजवून वाळवणे, इस्त्री करणे, गळ्यासाठी उरेब, म्हणजे तिरप्या, पट्ट्या कापणे एवढेच करायचे. मशीन पायाची असल्याने वीज गेली तरी एखादी सरळ शिलाई होऊन जाते. अंगावर घालून पाहण्याचे काम मात्र रविवारी सकाळच्या उजेडातच. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी खांदे पुढे झुकलेले असतात, आणि त्या वेळी घेतलेले माप ताठ उभे राहिल्यावर पाठीत सैल पडते. शिवाय दिव्याच्या उजेडात बारीक सुरकुत्या दिसत नाहीत, आणि फिटिंगमध्ये वाचायच्या असतात त्या नेमक्या सुरकुत्याच.

खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी, आणि कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून येणारे हे कापड एकदा चुकीचे कापले गेले की काठ जुळवायला काही उरत नाही. म्हणून आधी मांजरपाटाचा, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचा, चाचणीपुरता ब्लाउज बेतला. तो धुऊन घेतलेल्या कापडाचा, लांब टाक्यांनी शिवलेला आणि बाजूला दीड इंच माया, म्हणजे शिलाईपलीकडचे जास्तीचे कापड, सोडलेला आहे. वेळ कमी असताना हे जास्तीचे काम कशाला, असे कोणीही विचारील. पण माझ्या मते वेळ कमी असणाऱ्यानेच ते करावे, कारण पक्की बारीक शिलाई उसवण्यात जी संध्याकाळ जाते ती परत मिळत नाही.

पाठीमागच्या टाचण्या स्वतःच्या स्वतःला लावता येत नाहीत. हात मागे नेला की खांदा फिरतो आणि माप बदलते. थोरल्या जाऊबाई आज सकाळी त्यासाठीच आल्या. आम्ही वरून खाली आलो, आधी खांदा, मग गळा, मग छातीचा टक, म्हणजे आकारासाठी घातलेली चिमटी, आणि शेवटी कंबर, कारण खांद्याची शिलाई सरकली की खालच्या सगळ्या सुरकुत्यांची दिशा बदलते. टकाच्या टोकाकडे आडव्या ओढलेल्या रेघा दिसल्या, म्हणजे तिथे कापड कमी पडत होते. पाठीत कमरेच्या वर आडवी घडी पडत होती, म्हणजे पाठीची लांबी जास्त होती. एका वेळी एकच बदल करायचा आणि पुन्हा आरशात पाहायचे, हा नियम मी त्यांच्या घाईपुढेही सोडला नाही.

हात वर केला की सगळा ब्लाउज वर चढत होता. जाऊबाई म्हणाल्या, “मुंढा जरा खाली घे, म्हंजे हात मोकळा होईल.” मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात ती बगलेभोवतीची गोलाई. हा सल्ला बहुतेक जणी देतात, आणि तो ऐकायला पटतोही. प्रत्यक्षात मुंढा जितका खोल, तितका बाहीचा जोड बगलेपासून दूर जातो आणि हात उचलताना बाजूची पूर्ण शिलाई त्याच्याबरोबर ओढली जाते. बगलेच्या जवळ बसलेला मुंढा हाताला मोकळे सोडतो. फक्त तो टोचू नये एवढे पाहावे लागते आणि बाहीला दंडावर पुरेशी रुंदी द्यावी लागते. मी मुंढा पाव इंच वर घेतला आणि बाही दंडावर थोडी सैल केली. जाऊबाईंनी मला फडताळाच्या वरच्या कप्प्यातला डबा काढायला लावला. ब्लाउज जागचा फारसा हलला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच्या ब्लाउजाची शिलाई बोटाने चाचपून पाहिली आणि ब्लाउज बेतण्यासाठी आखलेला माझा कागद मागून घेतला. त्यांच्या अंगाला तो जसाच्या तसा बसणार नाही, त्यांच्या मापाने नव्याने आखावा लागेल, हे मी त्यांना लगेच सांगितले.

गळा मागे किंचित सुटतो आहे, तेवढे राहिले. उद्या संध्याकाळी मांजरपाट उसवून त्याचे भाग तपकिरी कागदावर उतरवीन, गळ्याचा तो सैलपणा पाठीच्या टकात घेईन, आणि खणाला कात्री पुढच्या रविवारी लावीन.