हरळी, ऊन आणि मे महिन्यातलं खारं पाणी

आपल्याकडे गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे चेंडू घालायच्या छिद्राभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर, जे गवत असतं ते म्हणजे आपली हरळीच. गणपतीला दूर्वा म्हणून खुडतो आणि वायंगणाच्या शेतातून उपटून बांधावर फेकतो, तीच. ग्रीनवरची टिफड्वार्फ ही जात हरळी आणि तिच्या बारीक पानांच्या आफ्रिकन बहिणीचा संकर आहे. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला तयार होऊन ती १९६५ साली बाहेर पडली. तिला बी धरत नाही, लागवड कांड्यांच्या तुकड्यांनीच करायची.

हे आधी सांगायचं कारण, उन्हाळ्यात गवत सांभाळण्याचे बहुतेक सल्ले थंड देशांतल्या बेंटग्राससाठी लिहिलेले असतात. त्या गवताची पानं १६ ते २४ अंशांत चांगली वाढतात, मुळांना त्याहूनही थंड माती मानवते आणि तिशीच्या वर ती आखडायला लागतात. म्हणून तिकडे भर उन्हाळ्यात जमिनीला भोकं पाडत नाहीत, खत आवरतं घेतात आणि दुपारी पाण्याचा हलका फवारा मारतात. हरळीची वाढ सर्वांत जोमात होते ती २७ ते ३५ अंशांत. गोव्यात मे महिन्यात दिवसा ३३-३४ आणि रात्री २६ च्या आसपास असतं, म्हणजे हरळीची ही सुगीच. काणकोणला असो की सासष्टीच्या किनाऱ्यावर, एप्रिल-मेमध्ये ग्रीन पिवळं पडलं तर उन्हाला दोष देऊ नका. पाणी कमी पडतंय, सगळीकडे सारखं पडत नाहीये, किंवा पाण्यात मीठ आहे. आधी या तिन्ही गोष्टी तपासा.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे १ मिमी. एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसाला बाष्पीभवन साधारण ५ मिमी धरा, हरळीला त्याच्या ७० टक्के लागतं, म्हणजे ३.५ मिमी. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनला दिवसाला १७५० लिटर. पण स्प्रिंकलर सगळीकडे सारखं पाणी कधीच टाकत नाही. एकाच मापाचे, सरळ भिंतींचे १६ डबे ग्रीनवर मांडा, पहाटे वारा नसताना २० मिनिटं स्प्रिंकलर चालवा आणि प्रत्येक डब्यातलं पाणी मोजा. समजा सरासरी ६ मिमी आली आणि सर्वांत कमी भरलेल्या चार डब्यांची सरासरी ४.२ आली, तर समानता ७० टक्के. आता त्या कोरड्या कोपऱ्यालाही ३.५ मिमी मिळायचे असतील तर एकूण ५ मिमी टाकावे लागतात, म्हणजे २५०० लिटर. रोजचे ७५० लिटर फक्त विषमतेपायी जातात. वाकडा झालेला स्प्रिंकलर सरळ करणं, झिजलेला नोझल बदलणं, आतली जाळी धुणं हे काम एका सकाळचं आहे, आणि मे महिन्यात ७५० लिटरची किंमत काय असते ते विहिरीत डोकावल्यावर कळतं.

पाणी पहाटे ४ ते ६ मध्येच द्या. दुपारी वायव्येचा समुद्रवारा सुटतो आणि अर्धा फवारा शेजारच्या रफमध्ये, म्हणजे उंच गवतात, जाऊन पडतो. संध्याकाळी दिलं तर पानं रात्रभर ओली राहून बुरशीला आमंत्रण मिळतं. एकदम १६-१७ मिनिटं चालवण्यापेक्षा ८-८ मिनिटांचे दोन हप्ते, मध्ये अर्धा तास, असं दिलं की पाणी वाहून न जाता मुरतं. बेंटग्रासवाल्यांचा दुपारचा फवारा इथे नकोच. हवेत आधीच दमटपणा असल्याने गारवा फारसा येत नाही, उलट पाणी खारट असेल तर पानावर मिठाचा थर तेवढा राहतो.

आता मीठ, कारण किनाऱ्यालगतच्या कोर्सवर खरी लढाई तीच आहे. किनारपट्टीच्या वाळूत गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर तिच्या खाली सुमारे चाळीस मीटर असतं, असा ढोबळ नियम आहे. तो उलटा वाचला की धोका समजतो: वरची पातळी थोडी उतरली तरी खालचं खारं पाणी बरंच वर सरकतं. पंप सलग आठ तास लावला तर विहिरीपुरती हीच गोष्ट घडते. दोन तास चालवा, दोन-तीन तास विसावा द्या, टाकी हळूहळू भरा. पाण्यातले क्षार इसीने, म्हणजे विद्युतवाहकतेने, मोजतात (इथले सगळे आकडे डेसिसीमेन्स प्रति मीटरमध्ये). समुद्राच्या पाण्याची इसी ५० च्या आसपास असते. शंभर लिटर गोड्या पाण्यात त्यातलं दोन लिटर मिसळलं तरी इसी १ ने वाढते.

इसी मीटर खिशातला घेतला तरी चालतो, पण नोंद इसीचीच ठेवा, पीपीएमची (दहा लाख भागांत किती भाग क्षार, याची) नको. एकाच पाण्याला एक मीटर १००० दाखवतो आणि दुसरा १२८०, कारण दोघांचा गुणक वेगळा असतो. मार्चपासून आठवड्यातून एकदा प्रत्येक विहीर स्वतंत्र मोजा.

इसी २ म्हणजे लिटरमागे साधारण १.२८ ग्रॅम क्षार. रोज २५०० लिटर दिलं तर ३.२ किलो, महिन्याला ९६ किलो. म्हणजे एका ग्रीनवर आपण आपल्याच हाताने महिन्याला जवळजवळ दोन पोती मीठ पसरतो. पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं. हरळी बरीच सोशिक आहे, मातीची इसी ६-७ होईपर्यंत तग धरते. त्यानंतर पानांची टोकं करपतात, आणि ओल असूनही गवत सुकल्यासारखं निळसर-राखाडी दिसतं. इथेच फसगत होते. तहान समजून लोक थोडं थोडं पाणी वाढवतात, ते वरच्या दोन इंचांतच राहतं आणि मीठ आणखी साचतं.

उपाय एकच, मीठ खाली ढकलणं. दर दोन-तीन आठवड्यांनी ग्रीनला बारीक सुयांनी भोकं पाडा, रात्रभर हप्त्याहप्त्याने ४०-५० मिमी पाणी सोडा आणि ड्रेनच्या तोंडाशी बाहेर पडणाऱ्या पाण्याची इसी मोजत राहा. सुरुवातीला ती चढते, मग उतरते; उतरून स्थिर झाली की थांबा. ड्रेन बुजलेला असेल तर ही सगळी मेहनत वाया, म्हणून तो आधी तपासा. प्रयोगशाळेच्या अहवालात सोडियम जास्त निघालं असेल तर धुण्याआधी चौरस मीटरला ५० ग्रॅम जिप्सम टाका, म्हणजे एका ग्रीनला २५ किलो. हॉटेलचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळत असेल तर त्यातला नत्र खतातून वजा करा: लिटरला १० मिलिग्रॅम नत्र असलेलं पाणी रोज ५ मिमी दिलं तर महिन्याला चौरस मीटरमागे दीड ग्रॅम नत्र फुकट मिळतो.

मे महिन्यात एखादी वळवाची सर येते आणि सगळे खूश होऊन पाणी बंद करतात. ही मोठी चूक. हलक्या सरीने पृष्ठभागावरचं मीठ विरघळून नेमकं मुळांपाशी उतरतं आणि दोन दिवसांत गवत करपतं. सर १५-२० मिमीपेक्षा कमी असेल तर नेहमीचं पाणी चालूच ठेवा.

भोकं पाडायचा, म्हणजे पोकळ दातांनी मातीच्या कांड्या काढायचा काळ हाच. पर्यटकांचा हंगाम मार्चअखेर ओसरतो, हरळी जोमात असते, आणि भोकं दोन आठवड्यांत भरून येतात. जुलैच्या ढगाळ हवेत तीच भोकं महिनाभर उघडी राहतील आणि त्यांत शेवाळ धरेल. १२ मिमी व्यासाचे दात, दर ५ सेंटिमीटरवर, ८ सेंटिमीटर खोल: चौरस मीटरला ४०० भोकं. ती भरायला चौरस मीटरला साधारण ३.६ लिटर वाळू लागते, म्हणजे ५०० चौरस मीटरला १.८ घनमीटर, वजनाने पावणेतीन टनांच्या आसपास. वाळू आधी आणून, चाळून, कोरडी करून झाकून ठेवा आणि मगच मशीन काढा. वाळूची गाडी अडली म्हणून आठवडाभर उघडी पडलेली भोकं कडांनी वाळतात, मग भरून यायला दुप्पट वेळ जातो.

वाळूचा बहुतांश भाग पाव ते एक मिलिमीटरचा हवा. समुद्रावरची वाळू फुकट दिसते, पण तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुना असतो, शिवाय ती तिथून उचलणं बेकायदा आहे. खडी क्रशरची वाळू धुतल्याशिवाय नको. तिच्यातली भुकटी पहिल्याच पावसात भोकांच्या तोंडाशी थापीसारखी बसते. शेवटची भोकं १५ मेपर्यंत व्हायला हवीत. विहीर तोवर तळाला गेली असेल तर सगळी ग्रीन्स करू नका, ज्यांचा निचरा सर्वांत वाईट आहे तेवढीच करा.

कापणीबद्दल थोडक्यात: टिफड्वार्फ ३.५ मिमीवर ठेवा, पाण्याची ओढ असेल तर ४ वर न्या. चेंडूचा वेग कमी झाल्याची तक्रार आली तर उंची न उतरवता आठवड्यातून तीनदा रोलर फिरवा. वाळू टाकल्यानंतर पहिले चार दिवस जुनं कटिंग युनिट लावा, नव्याची धार वाळूत जाते. धार रोज कागदाच्या पट्टीवर तपासा. कागद फाटला तर गवतही फाटतंय आणि दुपारी टोकं पांढरी दिसणार.

खत महिन्याला चौरस मीटरमागे ३ ग्रॅम नत्र, चार हप्त्यांत विभागून. अमोनियम सल्फेट मला युरियापेक्षा बरं वाटतं, कारण विहिरीच्या पाण्याने चढलेला सामू (पीएच) थोडा खाली राहतो. एका ग्रीनला महिन्याला ते ७ किलो लागतं. पालाश सल्फेटच्या रूपात द्या, म्युरिएट नको. त्यातलं क्लोराइड म्हणजे पुन्हा मीठच. मैना आणि गायबगळे एकाच जागी सतत चोची मारू लागले तर पाच लिटर पाण्यात दोन चमचे भांडी घासायचा द्रव साबण मिसळून एक चौरस मीटरवर ओता. लष्करी अळी असेल तर पाच-दहा मिनिटांत वर येते. मग जागा साध्या पाण्याने धुऊन टाका.

मे संपता संपता, मिरगाच्या दहा दिवस आधी, नत्र थांबवा आणि उंची ४.५ मिमीवर न्या. ढग दाटले की हरळीला ऊन कमी पडतं, तेव्हा पान जितकं जास्त तितकं बरं. सुरूच्या आणि माडांच्या ज्या फांद्या-झावळ्या ग्रीनवर सकाळची सावली टाकतात त्या याच आठवड्यात उतरवा, ड्रेनची तोंडं मोकळी करा, आणि पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर प्रत्येक ग्रीनची इसी पुन्हा एकदा मोजून वहीत लिहा.