लांगझा लॉग: एकच घर, रोज वेगळा चढ

मंडळी, यावेळचा सायकलचा लॉग साताऱ्याचा नाही, हिमाचलातल्या स्पितीचा आहे आणि जरा लांबणार आहे. यवतेश्वर-कास आणि पसरणीच्या घाटांत वर्षभर जो सराव चालला होता तो याचसाठी होता. ज्यांना एवढं सगळं वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी मुद्दा आधीच सांगून टाकते: एवढ्या उंचीवर रोज बॅगा बांधून पुढच्या गावाला पळण्यापेक्षा एका घरी ठाण मांडून बसा आणि तिथूनच रोज वेगळ्या रस्त्याला लागा. मनाली-लेह केलेले लोक म्हणतील ही काय टूर झाली, म्हणू देत, पायात काय फरक पडला तो मला दिसलाय.

जाताना मनालीकडून गेलो नाही, मुद्दाम. तिकडून गेलं की थेट कुंझुमची खिंड, साडेचार हजार मीटरच्या वर, आणि डोकं धरून बसायचं. आम्ही दोघी (मी आणि माझी मैत्रीण, तीही सातारचीच) शिमल्याकडून रेकाँग पिओपर्यंत बसने गेलो, सायकली टपावर, दोरीने स्वतः बांधल्या कारण कंडक्टरच्या गाठीवर माझा विश्वास नाही. पिओपासून सायकल. पिओ साधारण 2,300 मीटर, नाको 3,660, मग ताबो परत खाली 3,280, मग काझा 3,650 च्या आसपास. म्हणजे चढ, थोडा उतार, परत चढ, शरीराला सवय व्हायला यासारखा रस्ता नाही. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, तिथून नाकोपर्यंत जी वळणं आहेत त्यांचं नाव 'का झिग्स', हजार मीटरच्या वर चढ आहे आणि सावलीला एक झाड नाही. तिथे आम्ही फार वेळ लावला, त्याबद्दल जास्त बोलत नाही. ताबोचा मठ मात्र बघाच, 996 सालचा आहे, आत अंधार असतो, डोळे सरावले की मग भिंतीवरची चित्रं दिसायला लागतात.

काझात थांबून मग लांगझा. गाव साधारण 4,400 मीटरवर, मागे चाऊ चाऊ कांग निल्डा हे 6,303 मीटरचं शिखर आणि पुढे मोठी बुद्धमूर्ती, फोटो तुम्ही पाहिलेला असणारच. इथेच एका घरी राहिलो. मातीच्या विटांचं घर, सपाट छप्पर, छपराच्या कडेने जळणाच्या फांद्या आणि शेणी रचलेल्या. घरात मेमे म्हणजे आजोबा, आमा म्हणजे आई, त्यांचा मुलगा जो काझा-लांगझा पिकअप चालवतो, सून, आणि एक लहान मुलगी जिला माझ्या सायकलची घंटा सोडून कशातच रस नव्हता. दोन्ही वेळचं जेवण धरून माणशी पैसे ठरवले, घासाघीस केली नाही, तुम्हीही करू नका, तिथे प्रत्येक सिलिंडर खालून वर चढवावा लागतो.

आता आकडे, कारण तुम्ही त्यासाठीच आलाय. साताऱ्यात सकाळी उठल्यावर माझी नाडी 58 च्या आसपास असते, लांगझाला पहिल्या सकाळी 86 होती, ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन 83 टक्के दाखवत होता, झोप तुकड्यातुकड्यात आणि मध्येच श्वास लागून जाग. हे नॉर्मल आहे, हवेचा दाब तिथे समुद्रसपाटीच्या साधारण 58-60 टक्केच असतो. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या किंवा चालताना तोल जायला लागला तर मात्र हिरोगिरी न करता खाली उतरायचं. डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) ज्याने त्याने आपापल्या डॉक्टरला विचारावं, मी इथे डोस सांगणार नाही. मुक्काम संपत आला तोवर सकाळची नाडी 68 वर आली होती आणि काझाहून लांगझाचा चढ, साधारण 16 किमी आणि सातशे-साडेसातशे मीटर, जो सुरुवातीला तीन तासांच्या पुढे गेला होता तो सव्वादोन तासांत बसला. पाय तेच, गिअर तेच, फक्त झोप रोज उंचावर झाली आणि पोट नीट भरलं.

पोटाचं सांगायलाच हवं. पहाटे उठून निघायचं म्हटलं की आमा आधीच तंदूर पेटवून बसलेली (तंदूर म्हणजे आपला भट्टीवाला नाही, खोलीच्या मधोमध पत्र्याची शेगडी आणि वर धुराडं), सत्तू, लोण्याचा खारट चहा आणि कालचे टिंगमो (वाफवलेले पाव) परत वाफवून. खारट चहा पहिल्या घोटाला मला अजिबात जमला नाही, मैत्रिणीने तर सरळ तोंड वाकडं केलं, पण घामाने मीठ गेलेल्या माणसाला त्याच्याइतकं बरं काही नाही, नंतर नंतर बाटलीत भरून न्यायला लागले. इलेक्ट्रोलाइटच्या गोळ्या अर्ध्या तशाच परत आल्या. रात्री थुकपा (नूडल्सचं सूप) किंवा डाळ-भात. पाणी तिथे 85-86 डिग्रीलाच उकळतं म्हणून कुकरशिवाय डाळ शिजतच नाही, आणि हे माहीत असूनही मी थालीपीठाच्या भाजणीबरोबर हट्टाने साबुदाणा नेला होता, तो विषय सोडा. थालीपीठ मात्र तंदूरवर झकास झालं, मेमेंनी दोन खाल्ली आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा स्वतःच्या उशाशी ठेवून घेतला.

सप्टेंबर होता, मटार बहुतेक उतरून खाली मंडईला गेला होता आणि जवाची कापणी चालू होती. दुपारी वारा सुटतो, असा सुटतो की समोरून आला तर उतारावरही पॅडल मारावं लागतं, त्यामुळे राइड सकाळी उरकायची आणि दुपारी शेतात पेंढ्या उचलायला. आमाने कधी सांगितलं नाही, पण नुसतं बसून बघायला लाज वाटते हो. गावाची जनावरं चरायला न्यायची पाळी घराघरात फिरते, आमच्या घराची पाळी आली त्या दिवशी सून सकाळीच गेली आणि आम्ही राइड कॅन्सल करून मुलीला सांभाळलं. माझ्या ट्रेनिंग प्लॅनमध्ये रेस्ट डे असाच आला, आणि दुसऱ्या दिवशी कोमिकला पाय जे चालले ते बघून पुढच्या प्लॅनमध्ये रेस्ट डे आधीच लिहून टाकलाय.

रस्ते. लांगझाहून हिक्किम आणि कोमिक हा सगळ्यात सोयीचा फेरा, कोमिक 4,587 मीटर अशी पाटी आहे. हिक्किमचं पोस्ट ऑफिस 1983 पासून आहे, पत्रं टाकली, ती आमच्या बरीच मागून साताऱ्यात पोचली. दुसरा फेरा काझाला उतरून 'की' नावाचा मठ, किब्बर आणि पुढे चिचमचा पूल. 2017 मध्ये हा पूल व्हायच्या आधी लोक ती घळ दोरावरच्या पाळण्यातून ओलांडायचे, कठड्यावरून खाली बघितलं की पोटात गोळा येतो. हा दिवस मोठा आहे, परत येताना लांगझाचा पूर्ण चढ उरलेला असतो, आणि एकदा मेमेंच्या मुलाने वाटेत पिकअप थांबवून सायकल मागे टाक म्हणून सांगितलं तेव्हा मी एका सेकंदात हो म्हटलं. स्ट्राव्हावर (राइड नोंदवायचं अ‍ॅप) तो सेगमेंट 60 किमीच्या स्पीडने दिसत होता, डिलीट केलाय, शोधू नका.

सायकलीचं. पुढे 22 दात, मागे 34, हाच गिअर जवळजवळ पूर्ण वेळ. 29 इंची चाकावर कॅडन्स (मिनिटाला पॅडलचे फेरे) 55 ठेवला तर ताशी पाच किमीच्या थोडं खाली, त्याहूनही हळू गेलं की खडीवर हँडल हलायला लागतं. कच्च्या पट्ट्यात मी उतरून ढकलली आहे आणि त्यात काही कमीपणा नाही. लांगझाच्या उतारावर माझे रेझिनचे ब्रेक पॅड वास मारायला लागले, मैत्रिणीचे सिंटर्ड (धातूचे) होते ते आवाज करत होते पण टिकले, पुढच्या वेळी मीही तेच घालणार. चेनला ओलं तेल घालू नका, तिथली धूळ पिठासारखी बसते, वॅक्स बरं. पंक्चर वर एकही नाही, झाली ती खाली नदीकाठी, छरमाच्या (सी-बकथॉर्नच्या) काट्यांनी. सुटे भाग काझात मिळतील या भरवशावर जाऊ नका, ट्यूब, पॅड, डिरेलर हँगर आणि चेन लिंक घरून न्या. आणि हो, लांगझाला शंखासारखे जीवाश्म मिळतात, तिथे कधीकाळी टेथिस समुद्र होता, मुलं विकायला आणतात, घेऊ नका.

डेमुल गावाला जायचं राहिलं. तिथे पाहुणे आले की घराघरात पाळीने वाटून देतात म्हणे, म्हणजे एकाच घरी ठाण मांडायचा माझा हिशोब तिथे बसतो का ते बघायचंय.

पुढचा प्लॅन असा: ऑक्टोबर ते फेब्रुवारी आठवड्यातून दोनदा यवतेश्वर, एकदा सामानाचं लोड लावून, मार्चपासून पसरणी आणि महाबळेश्वर जोडून. कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) 11-42 करायची आहे, त्यासाठी माझा आत्ताचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) चालत नाही, लांब केज लागेल, कोणाकडे वापरलेला पडला असेल तर सांगा. पुढल्या वर्षी पिन व्हॅलीत मुधला मुक्काम करायचा विचार आहे, लांगझापेक्षा गाव खाली आहे म्हणून झोप बरी लागेल. आमाला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली तिकडे जा, पण चटणी आधी इकडे पोचव.