गोंदण पुसणारं मॉडेल

जुन्या व्हिडिओ कॅसेट डिजिटल करून घ्यायला येणारे बहुतेक लोक "जरा क्लिअर करून द्या" एवढंच म्हणतात. सातारा जिल्ह्यातल्या दोघी बहिणी नेमकी उलटी तक्रार घेऊन आल्या. आईवडिलांच्या १९९३ सालच्या लग्नाची कॅसेट त्यांनी आधीच एकीकडून डिजिटल करून घेतली होती आणि मग मोबाइलच्या एका अ‍ॅपमधून 'फोर के' केली होती. "चित्र लख्ख झालंय दादा, पण ही आमची आजी नाहीच," थोरली म्हणाली. मूळ कॅसेटही सोबत आणली होती, हे फार बरं झालं.

पाठवणीच्या वेळचा आजीचा क्लोजअप साध्या फाइलमध्ये आणि अ‍ॅपच्या फाइलमध्ये शेजारी शेजारी लावून पाहिला. साध्या फाइलमध्ये धूसर का होईना, कपाळावरचं गोंदण, हनुवटीवरचे तीन ठिपके आणि मोठी नथ दिसत होती. अ‍ॅपच्या फाइलमध्ये ठिपके गेलेले, कातडी इस्त्री केल्यासारखी, दात एकसारखे. नथीचा अर्धा आकडा ओठावरच्या सावलीत विरलेला, त्यामुळे काही फ्रेममध्ये आजीला मिशी फुटल्याचा भास होत होता. मुली बरोबर सांगत होत्या.

हे का होतं, ते कळलं तर पुढचं काम कळतं. अशा अ‍ॅपमध्ये बहुधा दोन एआय मॉडेलं, म्हणजे ढीगभर चित्रं पाहून शिकलेले प्रोग्रॅम, असतात. एक सगळं चित्र मोठं करतं, दुसरं फक्त चेहरे शोधून नव्याने घडवतं. चेहऱ्यांसाठीची जीएफपीगॅन, कोडफॉर्मर ही प्रसिद्ध मॉडेलं फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटवरून जमवलेल्या ७०,००० चेहऱ्यांच्या संचावर शिकलेली आहेत. दोन डोळे, नाकाचं टोक आणि ओठांची दोन टोकं अशा पाच खुणांवरून चेहरा सरळ करून ५१२ बाय ५१२ पिक्सेलच्या चौकटीत बसवला जातो. मोठी नथ यातल्या दोन खुणा झाकते, म्हणून चेहरा वाकडा बसतो. आणि ज्या संचात गोंदणाची हनुवटी जवळजवळ नाहीच, त्यावर शिकलेल्या मॉडेलला ते तीन ठिपके टेपवरची घाण वाटतात. घाण काढणं हेच तर त्याला शिकवलेलं असतं.

आम्ही ती डिजिटल फाइल बाजूला ठेवली आणि कॅसेटपासून सुरुवात केली. फिल्मवर पांढरी बुरशी दिसली तर ती काढल्याशिवाय कॅसेट प्लेअरमध्ये घालायची नाही, नाहीतर बुरशी हेडवर, म्हणजे प्लेअरच्या टेप वाचणाऱ्या भागावर, जाते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटलाही लागते. ही कॅसेट स्वच्छ होती. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं ते मऊ चामड्याच्या पट्टीने, आडवंच. कापसाचे तंतू हेडच्या टोकात अडकतात आणि उभा हात फिरवला तर टोकच तुटतं.

प्लेअरमधून चित्र एस-व्हिडिओ केबलने बाहेर, आणि संगणकाच्या आधी मध्ये टीबीसी (टाइम बेस करेक्टर) हे यंत्र. टेप ताणलेली असते, त्यामुळे चित्राची प्रत्येक ओळ थोडी पुढेमागे सुरू होते आणि उभ्या कडा लाटांसारख्या हलतात. टीबीसी त्या ओळी एका रेषेत आणतो. हे यंत्र नसताना केलेली कॅप्चर, म्हणजे संगणकात उतरवलेलं चित्र, कोणतंही मॉडेल पुरती सुधारू शकत नाही, कारण त्या हलत्या कडांनाच ते खरा आकार समजतं. कॅप्चर ७२० बाय ५७६, दहा बिट, एफएफव्ही१ या फॉरमॅटमध्ये, म्हणजे काहीही न गमावता. कॅसेट त्याच प्लेअरवर तीनदा चालवून घेतली आणि फ्रेम जुळवून प्रत्येक पिक्सेलची मधली किंमत ठेवली. चालवताना येणारा खरखराट दर वेळी वेगळा असतो, तो यात बराच गळतो. रेकॉर्ड होतानाच आलेला खरखराट मात्र तसाच राहतो.

पुढची पायरी डीइंटरलेसची, आणि सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांची अर्धी-अर्धी चित्रं, म्हणजे फील्ड, विणलेली असतात. तशीच फ्रेम मॉडेलला दिली की हलत्या हाताभोवतीचे कंगव्यासारखे दाते ते नक्षी समजून कोरून काढतं, आणि मग ते कशानेही जात नाहीत. ही वीण सोडवणं म्हणजे डीइंटरलेस. आम्ही त्यासाठी क्यूटीजीएमसी हा प्रोग्रॅम वापरून सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम केल्या. त्याआधी कोणतं फील्ड पहिलं ते तपासायचं. चुकलं तर वरातीतली माणसं दोन पावलं पुढे, एक मागे अशी चालताना दिसतात.

लाल शालूचा रंग उजवीकडे सांडलेला होता. व्हीएचएसमध्ये, म्हणजे या जातीच्या कॅसेटमध्ये, उजेड-अंधाराचा तपशील आडव्या दिशेने साधारण २४० रेषांचा मिळतो, रंगाचा जेमतेम ४०. गोंदणाचा हिरवट रंग म्हणूनच टेपवर उतरलेलाच नाही, फक्त त्याचा गडदपणा उतरलाय. रंगाचा थर सरकवून शालू जागेवर आणला. गोंदण काळपटच ठेवलं. खरखराट काढणाऱ्या फिल्टरचा जोरही अगदी कमी ठेवला, कारण दोन-तीन पिक्सेलचा ठिपका आणि खरखर यांत फिल्टरला फरक कळत नाही.

मग मॉडेल. चेहऱ्याचं मॉडेल पूर्ण बंद. सगळं चित्र मोठं करणाऱ्यांपैकी रिअल-ईएसआरगॅन एकेक फ्रेम सुटी मोठी करतं, त्यामुळे भिंतीचा पोत दर फ्रेमला बदलून चित्र उकळल्यासारखं दिसतं. बेसिकव्हीएसआर प्लस प्लससारखं मॉडेल मागच्यापुढच्या फ्रेममधून माहिती उचलतं. हलत्या चित्रात एकच कड वेगवेगळ्या फ्रेममध्ये थोडी सरकलेली पकडली जाते, म्हणून तिथे खरा तपशील थोडा तरी मिळू शकतो. आम्ही या जातीचं मॉडेल घेतलं आणि त्याचं चित्र लँक्झोस या साध्या, एआय नसलेल्या गणिती पद्धतीने मोठ्या केलेल्या चित्रात निम्मं-निम्मं मिसळलं. मांडवातल्या थर्माकोलच्या 'शुभविवाह' या अक्षरांची मॉडेलने शिरोरेषा तोडून अनोळखी लिपी केली होती. तेवढा भाग झाकून तिथे फक्त साधं चित्र ठेवलं.

तपासण्याची एक सोपी रीत आहे. मोठं केलेलं चित्र परत ७२० बाय ५७६ करायचं आणि मूळ चित्रातून वजा करायचं. अ‍ॅपच्या फाइलवर हेच केलं तेव्हा हनुवटीवर तीन ठळक डाग उजळले: नेमकं तेच तिथून पुसलं गेलं होतं. आमच्या चित्रात तिथे नुसती खरखर उरली. पण ही परीक्षा एकतर्फी आहे. नापास झालेलं चित्र नक्की चुकीचं, पास झालेलं खरंच असेल असं नाही. २०२० मध्ये पल्स नावाच्या मॉडेलने बराक ओबामांच्या पिक्सेल झालेल्या फोटोतून गोरा माणूस घडवला होता, आणि ते मॉडेल नेमकं लहान केल्यावर मूळ चित्राशी जुळणारा चेहराच शोधत होतं.

धाकटीने पंगतीतला लांबचा शॉट दाखवून विचारलं, "इथे तरी चेहरा उघडेल का?" तिथे आजीचा चेहरा जेमतेम ३० पिक्सेल रुंद होता. त्याचा ५१२ चा चेहरा करायचा तर खऱ्या एका पिक्सेलमागे सुमारे २९० पिक्सेल रचावे लागतात. "ताई, दिसेल तो चेहरा आजीचा नसेल," असं सांगून तो शॉट तसाच ठेवला. घरातल्या फोटोवरून चेहरा बसवता येतो, पण मग तो फोटोतल्या दिवसाचा चेहरा होईल, लग्नातला नाही.

त्यांना दोन फाइली दिल्या. एक कॅप्चर केलेली मूळ, जपून ठेवण्यासाठी. दुसरी १४४० बाय १०८०, ५० फ्रेमची, टीव्हीवर पाहण्यासाठी, आणि सोबत काय काय केलं त्याचा कागद. १२ मेगाबिटच्या वेगाने तीन तासांची फाइल सुमारे १६ जीबी होते. फॅट३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, म्हणून पेनड्राइव्ह एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट करून दिला आणि त्यांचा टीव्ही तो वाचतो का ते आधी फोनवर विचारून घेतलं.