फोर्ड एफ-१०० मधली अनोळखी डबी : चौथ्या आठवड्याची नोंद

माझ्या जुन्या फोर्ड एफ-१०० पिकअपच्या डॅशबोर्डमधून मीटरांची पट्टी बाहेर काढून तिची पाठ उजेडात धरली, तेव्हा इंधन आणि तापमान या दोन मीटरांजवळ एकाच स्क्रूने बसवलेली, काडेपेटीपेक्षा थोडी लहान अशी पत्र्याची चपटी डबी दिसली. तिला दोन टोके होती. एकाला इग्निशनकडून येणारी वायर जोडलेली होती आणि दुसऱ्यापासून निघालेली वायर दोन्ही मीटरांकडे गेली होती. डबीवर कोणतेही नाव नव्हते आणि छापलेला क्रमांक गंजाखाली गेला होता. आधीच्या मालकाने बरेचसे वायरिंग स्वतःच्या हाताने बदललेले असल्यामुळे वायरींच्या रंगांवरूनही काही अनुमान काढता येत नव्हते.

ही गाडी १९६५ची आहे. समोरच्या चाकांना दोन स्वतंत्र आय-बीम (इंग्रजी I आकाराच्या तुळया) देणारी सस्पेन्शनची रचना आणि २४० क्यूबिक इंचांचे सहा सिलिंडरचे इंजिन या पिकअपमध्ये त्याच वर्षी प्रथम आले आणि माझ्या गाडीत दोन्ही मूळचेच आहेत. इथे ओहायोत अनेक हिवाळे उघड्यावर काढल्यामुळे पत्रा बराच खाल्ला गेला आहे. पण या नोंदीचा विषय केवळ ती डबी आणि तिच्यामुळे बिघडलेले दोन काटे एवढाच आहे.

तक्रार अशी होती की रस्त्यावर खड्डा लागला की इंधनाचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकदमच वर चढत आणि काही वेळाने आपोआप खाली येत. टाकीतला तरंगता फ्लोट आणि इंजिनावरचा सेंडर (मीटरला माप कळवणारा भाग) यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसताना दोघे एकाच क्षणी चुकतात, याचा अर्थ दोष दोघांच्या सामाईक वाटेवर कुठेतरी असला पाहिजे, हे मला फार आधी सुचायला हवे होते. प्रत्यक्षात मी पहिला शनिवार टाकीखाली आडवा पडून घालवला.

डबीच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावला, तेव्हा आकडे स्थिर राहीनात; कधी शून्य, कधी अकरा, मध्येच तीन, पुन्हा शून्य. त्यावरून हा इंडिकेटरचे दिवे लुकलुकवणारा फ्लॅशर असावा असा माझा पहिला तर्क होता, कारण जुन्या फ्लॅशरलाही पत्र्याचे कवच आणि बहुधा दोनच टोके असतात आणि तोही आतल्या तारेच्या उष्णतेवर चालतो. परंतु इंडिकेटर बंद असतानाही आकडे उड्या मारतच राहिले आणि खरा फ्लॅशर स्टिअरिंगच्या बाजूला वेगळा सापडला. माझे काका दापोडीच्या एसटी कार्यशाळेत वायरमन होते. त्यांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "अरे, डिजिटल मीटर बाजूला ठेव आणि साधा दिवा लावून बघ. आकडा थांबत नसेल, तर दिवा काय करतो ते तरी दिसेल."

पुढच्या शनिवारी मी दिवा लावला, मात्र त्यात एक चूक केली. काम सोयीचे व्हावे म्हणून मीटरपट्टी वायरींसह बाहेर लोंबकळती ठेवली आणि तशीच इग्निशन चालू केली. दिवा लुकलुकला नाही. तो पूर्ण तेजाने जळत राहिला. टाकी जेमतेम अर्धी असताना इंधनाचा काटा 'पूर्ण'च्या खुणेपलीकडे जाऊ लागला आणि थंड इंजिनाचा काटाही वर सरकला. मी ताबडतोब बॅटरीची वायर काढली. मीटर जळण्यापासून वाचले याचे मला खरोखर समाधान आहे, कारण त्यांच्या आतली तारेची गुंडाळी १२ व्होल्ट फार काळ सहन करत नाही.

मात्र कोड्याचा उलगडा त्याच चुकीतून झाला. लोंबकळत्या अवस्थेत नव्याने तुटले होते ते एकच, डबीच्या कवचाचे अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी असलेली जोडणी. म्हणजे तो स्क्रू केवळ डबी धरून ठेवत नव्हता, तर तिचे तिसरे टोकही तोच होता. एका जाड वायरने मीटरपट्टी गाडीच्या पत्र्याला जोडली, तेव्हा दिवा थोडा वेळ जळून विझला, पुन्हा लागला आणि त्याच लयीत लुकलुकत राहिला.

कवच पॉलिश पेपरने हलकेच साफ केल्यावर १०८०४ हे पाच आकडे वाचता आले. फोर्डच्या क्रमांकात पहिले अक्षर दशक सांगते, त्यापुढचा अंक वर्ष सांगतो आणि मधला क्रमांक हा भाग नेमका कोणता ते सांगतो. १०८८३ म्हणजे तापमानाचे मीटर, १०८८४ म्हणजे त्याचा सेंडर आणि १०८०४ म्हणजे मीटरांना स्थिर व्होल्टेज पुरवणारा रेग्युलेटर.

त्याची रचना मला मनापासून आवडली. आत दोन धातूंची एक पट्टी असून तिच्यावर बारीक तापतार गुंडाळलेली असते आणि त्या तारेचे एक टोक कवचातून अर्थ होते. थंड असताना पॉइंट जुळलेले असतात, म्हणून बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज मीटरांकडे जाते. तार तापली की पट्टी वाकते, पॉइंट सुटतात, पट्टी निवते आणि पॉइंट पुन्हा जुळतात. बॅटरीचे व्होल्टेज वाढले तर पट्टी लवकर तापते आणि पॉइंट जुळलेले राहण्याचा काळ तितकाच कमी होतो, त्यामुळे मीटरांना मिळणारी उष्णता साधारण स्थिर ५ व्होल्टांनी मिळेल तेवढीच राहते. मीटरांचे काटेही अशाच तापणाऱ्या पट्टीवर चालतात आणि ते इतके संथ असतात की मधले खंड त्यांना जाणवतच नाहीत. अर्थ तुटला की तार तापत नाही, पॉइंट सुटत नाहीत आणि १२ व्होल्ट सरळ आत जातात. खड्ड्यात नेमके हेच घडत होते, कारण स्क्रूखाली गंजाचा थर बसला होता.

पुरवठ्याच्या वायरीवरची छोटी गुंडाळीही मला अनोळखी होती. सतत उघडझाप करणाऱ्या पॉइंटमुळे रेडिओत खरखर येते, ती अडवणारा हा चोक आहे, हे आता लक्षात आले.

खात्रीसाठी टाकीकडची वायर सोडवून तिच्या जागी, रिकाम्या आणि भरलेल्या टाकीतल्या सेंडरची नक्कल म्हणून, आधी ७३ ओहमचा आणि नंतर १० ओहमचा रेझिस्टर गाडीच्या पत्र्याशी जोडला. पहिल्याला काटा 'रिकामी'वर थांबला, दुसऱ्याला 'पूर्ण'वर; म्हणजे मीटर आणि डबी दोन्ही निर्दोष आहेत. या डबीच्या जागी ७८०५ ही ५ व्होल्टची आयसी बसवण्याचा प्रघात आहे आणि दोन मीटरांना लागणारा अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाह ती सहज देते. पॉइंट जळून चिकटलेले असते तर मीही तेच केले असते. पण साठ वर्षांची डबी अजून चोख काम करत असताना ती काढून टाकणे मला पटत नाही. स्क्रूखालची जागा धातू दिसेपर्यंत घासली, दातेरी वायसर घातला आणि मीटरपट्टीपासून गाडीच्या पत्र्यापर्यंत एक वेगळी अर्थची वायर ओढली.

काल बारा मैल गाडी चालवली. रेल्वे फाटकाच्या रुळांवरही दोन्ही काटे जागचे हलले नाहीत. टाकी काठोकाठ भरली असूनही इंधनाचा काटा मात्र 'पूर्ण'च्या थोडा अलीकडेच थांबतो, म्हणून येत्या शनिवारी टाकीतला सेंडर उतरवून फ्लोट वरच्या टोकाला असताना तो किती ओहम दाखवतो, ते मोजणार आहे.