तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे लांब शब्द सापडतात कसे?

माझ्याकडे स्क्रॅबल (इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द करायचा खेळ) खेळायला येणारी मुलं आणि त्यांना सोडायला येणारे आईवडील, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. नऊ अक्षरं समोर टाकली की तुम्हाला त्यातून अख्खा शब्द दिसतो कसा, आणि एवढं इंग्रजी तुम्ही शिकलात कुठे? मी मराठी शाळेत शिकले. आमच्या वेळी एबीसीडीच पाचवीत सुरू व्हायची. शब्दसंग्रह लागतो, नाही असं नाही, पण तो नंतर. आधी लागते ती अक्षरं सुटी करून पुन्हा जुळवायची सवय, आणि ती कुणालाही लावून घेता येते.

उदाहरणच घेऊ. ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू. नवखा माणूस अक्षरं डावीकडून वाचत जातो, त्याला ‘ॲक्ट’, ‘आइस’, ‘नोट’ सापडतात आणि तो तिथेच अडकतो. मी आधी शब्दाचं शेपूट शोधते. टीआयओएन ही चार अक्षरं इथे आहेत ना, मग ती उचलून उजवीकडे ठेवा. उरलं काय? ए, सी, डी, ई, यू. ती थोडी हलवली की ‘एज्युकेशन’. आता हा शब्द मोडा आणि शेवटी ईडी ठेवून बघा. उरलेल्या सात अक्षरांत टीआयओएन अजून शाबूत आहे. त्याच्या आधी ए, यू, सी लावलं तर ‘ऑक्शन’, सी, ए, यू लावलं तर ‘कॉशन’. दोन्हींना ईडी जोडा, की त्याच नऊ अक्षरांतून आणखी दोन शब्द तयार. मुलांना हे पहिल्यांदा दाखवते तेव्हा ती अक्षरं स्वतःच्या हाताने हलवून खात्री करून घेतात, आणि त्यांनी ती करायलाच हवी.

शेपटासारखंच तोंडही बघायचं. आरई, यूएन, डीआयएस पुढे लागतात. ईआर, आयएनजी, एनईएसएस, एबीएलई मागे. इंग्रजीतले बरेचसे लांब शब्द असे जोडूनच झालेले असतात, म्हणून लांब शब्द शोधणं कधीकधी छोट्यापेक्षा सोपं जातं.

आपली अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. मराठीत आपण उच्चारतो तसंच जवळपास लिहितो, त्यामुळे आपण शब्द कानाने शोधायला जातो. इंग्रजीत कान फसवतो. ‘फ’ ऐकू येतो म्हणून माणूस एफ शोधत बसतो आणि समोर पडलेले पी आणि एच त्याला दिसतच नाहीत. इथे डोळ्यांनीच शोधावं लागतं. शाळेत आम्ही स्पेलिंगं घोकून पाठ केली, त्याचा मला इथे फार उपयोग झाला. टीआयओएन म्हणजे ‘शन’ हे चार अक्षरांचं एकच चित्र डोक्यात बसलं, ते कायमचं.

भाषा यावीच लागते का, याचं उत्तर न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने देऊन ठेवलंय. 2015 साली बेल्जियममध्ये फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा त्याने जिंकली, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. शब्दकोशातले शब्द त्याने पाठ केले होते. मला या माणसाबद्दल अतोनात आदर आहे. तरी मुलांना मी अर्थासकटच शब्द शिकवते. अर्थ कळलेला शब्द मुलं पुढे वापरतात, नुसता पाठ केलेला खेळाबरोबर डब्यात जातो.

अक्षरांची किंमतही ओळखायला हवी. अमेरिकेतले वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी 1930 च्या दशकात, मंदीत काम गेल्यावर, वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून हा खेळ बसवला. शंभर सोंगट्यांत ई बारा आहेत, क्यू आणि झेड एकेकच. एस मात्र चारच, कारण तो जास्त ठेवला तर कुठल्याही नामाचं अनेकवचन करून गुण मिळवणं फार सोपं झालं असतं. हातातल्या सातही सोंगट्या एका खेळीत लावल्या की पन्नास गुण जास्तीचे मिळतात, म्हणून सगळा जीव लांब शब्दात.

कॉम्प्युटर हे क्षणात करतो, मग डोकं कशाला शिणवायचं, असंही विचारतात. तो कसं करतो ते बघा. प्रत्येक शब्दाची अक्षरं तो एबीसीडीच्या क्रमाने लावून ठेवतो. ‘एज्युकेशन’ आणि त्याच नऊ अक्षरांतले वरचे दोन शब्द तसे लावले की एकसारखेच होतात, म्हणून एकाच खणात सापडतात. मी हे कागदावर करते. हातातली अक्षरं आधी क्रमाने मांडते, म्हणजे पुन्हा तीच आली की ओळखू येतात. शोधून झाल्यावर काय सुटलं ते बघायला मात्र कॉम्प्युटर उत्तम.

ठरावीक अक्षरं असलेला शब्द सांगा, अशी मागणीही होते. एक्स, वाय, झेड लागोपाठ हवेत? ‘हायड्रॉक्सिझिन’, अंगाला खाज सुटली की देतात ते औषध. एकही अक्षर दोनदा न येणारा पंधरा अक्षरी शब्द? ‘डर्मॅटोग्लिफिक्स’, म्हणजे बोटांवरच्या आणि तळहातावरच्या रेषांचा अभ्यास. हा माझा सगळ्यात लाडका. फुप्फुसाच्या रोगाचा तो पंचेचाळीस अक्षरी शब्द मुलं हौसेने म्हणून दाखवतात, पण त्यात माझं मन रमत नाही. 1935 च्या सुमारास अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी तो लांबी वाढवण्यासाठीच घडवला होता. ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ मात्र डॉक्टर आणि संशोधक खरोखर वापरतात.

सुरुवात करायची असेल तर ही आठ अक्षरं घ्या: ए, ई, जी, आय, एल, एन, आर, टी. आयएनजी मागे सरकवलंत तर उरलेल्या पाचांतून तीन शब्द निघतील. मग आयएनजी पुन्हा मोडा. आणखी दोन शब्द आहेत, आणि दोन्ही मुलांच्या गणिताच्या पुस्तकांतले.