आमची वाटचाल: थंड हवेत पेरू

आमच्या रोपवाटिकेची सुरुवात शोभेच्या झाडांपासून केली. जिरॅनियम, फर्न, असलं. धंदा बरा होता पण सीझन संपला की शुकशुकाट. मग गरम प्रदेशातून येऊन थंडीत स्थायिक झालेली मंडळी विचारायला लागली, पेरूचं झाड ठेवता का? पेरू विकत मिळतो हो, पण झाडावरचा तोडून खायचाय. तिथून आमचं काम बदललं.

पेरू तसा चिवट. मोठं झाड उणे ३-४ अंशांना वरून जळतं, पण मूळ वाचलं तर बुंध्यापासून परत फुटतं. लहान रोपाला मात्र उणे २ सुद्धा जड जातं. पण झाड जगवणं एकवेळ जमतं, खरी गोची फळाची आहे. साधारण १५ अंशांच्या खाली वाढ मंदावते, पानं जांभळट होतात (लोक रोग समजून घाबरून फोटो पाठवतात), आणि फूल आल्यापासून फळ पिकायला चांगल्या गरम हवेतसुद्धा तीन ते पाच महिने लागतात, म्हणजे उन्हाळा छोटा असेल तर हिरवी फळं लागलेली असतानाच थंडी येऊन बसते.

म्हणून आम्ही बियांची रोपं विकणंच बंद केलं, त्यांना फळ धरायला तीन-चार वर्षं सहज जातात. गुटी कलम (झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून ती कापून केलेलं रोप) ठेवतो, ते एक-दोन वर्षांत फळतं. तेही कुंडीतलंच, जमिनीत लावायला देतच नाही. शरद ऋतूत तर विक्री बंदच. लोक चिडतात, गिऱ्हाईक जातं, जाऊ दे. नवीन रोप लगेच हिवाळ्यात ढकलायचं आणि मेलं की आमच्या नावानं शंख, त्यापेक्षा हे बरं.

पेरूला फुलं नवीन फुटव्यावर येतात, सगळा खेळ यावर आहे. हिवाळा संपत आला की झाड आतच उबेला, भरपूर उजेडात ठेवून छाटायचं, म्हणजे बाहेर काढेपर्यंत कळ्या आलेल्या असतात आणि अख्खा उन्हाळा फळाला मिळतो. बाहेर काढतानाही आधी सावलीत, मग हळूहळू उन्हात, नाहीतर पानं भाजतात.

हल्ली आमची निम्मी कमाई हिवाळी मुक्कामाची आहे. लोक कुंड्या आमच्या पॉलिहाऊसमध्ये आणून ठेवतात. आम्ही ५ ते १० अंश राखतो, पाणी अगदी बेताचं, कारण थंड आणि ओली माती झाली की मुळं कुजतात. घरात हीटरजवळ ठेवलं तर हवा कोरडी होऊन लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) लागतो, त्यामुळे ज्यांच्याकडे गार उजेडाची जागा नाही ते आमच्याकडेच येतात. हीटिंगचं बिल बघून मात्र दरवर्षी पोटात गोळा येतो.

स्ट्रॉबेरी पेरू आणि फेइजोआ (पेरूचेच नातलग) पण ठेवलेत, दोन्ही थंडीला जास्त टिकतात, फेइजोआ तर उणे १० च्या आसपासही. पण चव वेगळी, ते आधीच सांगून विकतो.

मुक्कामाला झाड आणायचं असेल तर पहिलं हिम पडायच्या आत आणा, दारातून आत येईल एवढी उंची ठेवा आणि पानांच्या मागे पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) नाही ना ते बघून आणा. असेल तर झाड आत घेणार नाही, ओळखीचे असलात तरी.